डबीवरचा चेहरा

हसनाबादसारख्या गावातल्या कटलरीच्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. बायका पावडरची डबी आधी हातात घेतात, उलटसुलट करून पाहतात, झाकण उघडून बघतात. किंमत नंतर विचारतात. बँकेत अधिकारी असताना अशा दुकानांतल्या मालाची मोजदाद मी अनेकदा केली. डबीची किंमत खतावणीत बसते; पसंती बसत नाही.

ही पसंती उत्पादकांनी फार पूर्वी ओळखली. मुंबईच्या ई. एस. पाटणवालांचे 'अफगाण स्नो' १९१९ मध्ये आले. १९५२ मध्ये टाटांनी 'लॅक्मे' काढली. हे नाव म्हणजे लक्ष्मीचेच फ्रेंच रूप! देव्हाऱ्यातले नाव आणि परदेशी डौल एकाच डबीत मिळाला. सुशिक्षित गृहिणीला त्यात आपली आवड दिसली असेल, तर नवल नाही.

पण वेष्टन आवड ओळखते, तसे ती घडवतेही. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या वेष्टनावर पुढे कित्येक वर्षे सावळा चेहरा उजळत गेलेला दाखवत. सावळ्या विठोबापुढे हात जोडणारी घरे सावळ्या लेकीच्या हाती ती ट्यूब देत. नावातला 'फेअर' हा शब्द जायला २०२० साल उजाडावे लागले.

म्हणून लेकीसुनांना एवढेच सांगणे : नक्षी आवडली, रंग मनात भरला, तर डबी जरूर घ्या. हौसेला मोल नसते. मात्र ती तुमचा चेहरा सजवू पाहते की बदलू पाहते, हे आधी पाहून घ्या.