हजेरीचा भाव

जानेवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे जिमवाल्यांची सुगी. चौकात फ्लेक्स लागतात, दुचाकीच्या हँडलला पत्रकं अडकवलेली सापडतात आणि मजकूर सगळीकडे एकच असतो: वर्षाचे पैसे भरा, तीन महिने मोफत. काउंटरमागच्या फळ्यावर १८ हजारांच्या आकड्यावर लाल काट मारून खाली १२ हजार लिहिलेले असतात. ‘सर, हा रेट फक्त आजच्यापुरता,’ हे वाक्य तिथल्या मुलाला रोज म्हणावं लागतं, कारण महिन्याचं टार्गेट त्यालाही असतं. नव्या वर्षाच्या संकल्पाला आम्ही नावं ठेवणार नाही. चाळिशी उलटल्यावर वजनकाट्यावर उभं राहण्याचं धाडस जो करतो, त्याचं कौतुकच करायला हवं. पण त्या धाडसाचे बारा महिन्यांचे पैसे पहिल्याच दिवशी एकरकमी का मोजायचे?

जिमवाल्यांच्या हाती आता एक नवं निमित्तही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १२ हजारांच्या फीवर पूर्वी २,१६० रुपये कर लागायचा, आता ६०० लागतो. म्हणजे १,५६० रुपये वाचायला हवेत. हवेत म्हणायचं कारण असं की, या ५ टक्क्यांसोबत जिमवाल्याची इनपुट क्रेडिटची सवलत गेली. जागेच्या भाड्यावर आणि यंत्रांच्या खरेदीवर त्याने भरलेला कर आता त्याला वळता करून घेता येत नाही. साहजिकच काहींनी मूळ फीच थोडी वर सरकवली. तेव्हा ‘कर कमी झालाय’ या वाक्यावर खूश न होता, करासकट एकूण आकडा ऑगस्ट २०२५ मध्ये किती होता, हे जुन्या सभासदाला विचारून घ्यावं. दुसरं असं की, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या गल्लीतल्या जिमला जीएसटीची नोंदणीच लागत नाही. नोंदणी नसताना कोणी पावतीवर कर लावत असेल, तर तो सरकारात जात नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक आहे का, एवढं पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

आता खरा हिशेब. समजा, महिन्याची फी दीड हजार आणि वर्षाची १२ हजार. वर्षाची फी महिन्याला हजारावर येते, म्हणून ती स्वस्त वाटते. पण मासिक दराने १२ हजार संपायला आठ महिने लागतात. थोडक्यात, आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ नेमाने जाणाऱ्यालाच वार्षिक सवलतीचा फायदा. तीन महिन्यांत थांबणाऱ्याने साडेचार हजारांच्या जागी १२ हजार घालवले. आपल्या घरातलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावी किंवा ऑफिसातला मार्चएंड. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि गावाकडची फेरी. जून-जुलैत सकाळी सहाला धो धो पाऊस. मग गणपती, नवरात्र, दिवाळी. या सगळ्यातून वर्षात शंभर दिवस जिमला गेलात, तर एका हजेरीचा भाव १२० रुपये पडतो. वीस दिवस गेलात तर ६००. फी ठरवते जिम, पण हा भाव ठरवायचं काम आपलं असतं आणि काउंटरवर तो कोणी सांगत नाही.

यात आपणच आळशी आहोत असं मानून कोणी खंतावू नये. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सभासदांच्या हजेरीची नोंद तपासली. २००६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक फी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. एक खेप त्यांना १७ डॉलरहून महाग पडत होती आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर दहा डॉलरला पडली असती. पैसे भरताना माणूस पुढच्या महिन्यातल्या स्वतःवर नको तितका विश्वास टाकतो, हे त्यामागचं मुख्य कारण. ही सवय जिमच्या धंद्याला ठाऊक असते. शंभर पावत्या फाडल्या म्हणून शंभर ट्रेडमिल ठेवाव्या लागत नाहीत. न येणाऱ्यांच्या पैशांवर येणाऱ्यांची सवलत निघते.

‘पण एकदा पैसे भरले की जाणं होतं हो,’ असं घरोघरी ऐकू येतं. ते खोटं नाही, अपुरं आहे. जॉन गोरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या संशोधनात सहामाही फी भरणाऱ्यांची हजेरी पाहिली होती. फी भरल्यानंतर लगेच ती वाढे आणि पुढच्या महिन्यांत उतरत जाई, ते थेट पुढची फी भरेपर्यंत. खिशाला बसलेला चिमटा जसजसा विसरला जातो, तसतसे पायही मागे पडतात. मग हा चिमटा वर्षातून एकदाच कशाला? दर महिन्याला बसू द्यावा. महिन्याची फी दिसायला महाग असते, पण ती थांबण्याची मोकळीक देते आणि जाण्याची आठवणही.

मात्र ती हाताने भरावी. वर सांगितलेल्या अमेरिकी सभासदांची फी खात्यातून आपोआप कापली जायची, आणि शेवटची खेप मारल्यापासून सभासदत्व बंद करेपर्यंत त्यांचे सरासरी दोन महिन्यांहून जास्त निघून जायचे. आपल्याकडे यूपीआय ऑटोपेने आता तीच सोय करून ठेवली आहे. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे, हे खरं; पण मोबाइलवर येणाऱ्या ढीगभर संदेशांत ती सूचना वाचतो कोण? ‘नो कॉस्ट ईएमआय’चं प्रकरण त्याहून नाजूक. तिथे जिमला पूर्ण पैसे पहिल्याच दिवशी पोचतात आणि आपण हप्ते फेडत असतो ते बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे. जिमचं शटर मेमध्ये खाली आलं तरी हप्ता डिसेंबरपर्यंत चालूच.

अर्जाच्या मागच्या पानावर बारीक टायपात ‘भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. तो काही अखेरचा शब्द नाही. जिम मध्येच बंद पडली किंवा कबूल केलेली सेवा दिली नाही, तर ती सेवेतली त्रुटी ठरते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क लागत नाही. आपलाच उत्साह ओसरला म्हणून परतावा मिळेल, ही आशा मात्र धरू नये. म्हणूनच आजारपणात किंवा बदली झाली तर सभासदत्व किती दिवस थांबवता येतं, दुसऱ्याच्या नावावर करायला किती पैसे लागतात, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावं. पर्सनल ट्रेनरची फी बहुधा मूळ फीहून जास्त असते. तिचा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊच नये.

मुळात शरीराला लागतं किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्यातली दीडशे मिनिटं भरभर चालून फुकटात भरतात. वातानुकूलित हॉलमध्ये, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत ट्रेडमिलवर चालण्यासाठी महिन्याला दीड हजार मोजणं ही गरज नसून चैन आहे. चैनीला आमची हरकत नाही, फक्त ती चैनीच्या खात्यात मांडावी. उरले ते दोन दिवस, आणि त्यासाठी साधी डंबेल-बारबेलची जिमही पुरते.

अशी साधी, परवडणारी जागा पुरवणं एकेकाळी महाराष्ट्रात सार्वजनिक काम मानलं जाई. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, शिवाजी पार्कचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. ती काढणारी माणसं संस्था उभारायला निघाली होती, पॅकेज विकायला नव्हे. जुन्या दिवसांनी गहिवरण्याचं कारण नाही. बहुतेक तालमींत बायकांना पाऊल टाकता येत नसे. पण पालिकांनी बांधलेल्या व्यायामशाळा आजही गावोगाव आहेत. कुठे त्या उत्तम चालतात, कुठे आत मंडपाचे बांबू आणि गणपतीच्या सजावटीचं सामान भरलेलं असतं, तर कुठे बागेतल्या ओपन जिमची यंत्रं बेअरिंग गेल्यामुळे जागची हलत नाहीत. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. प्रभागातल्या व्यायामशाळेची किल्ली कोणाकडे असते, ती दिवसातून किती तास उघडी असते आणि बायकांसाठी वेळ कोणती, हे तीन प्रश्न निवडून आलेल्या नगरसेवकाला जरूर विचारावेत.