मग हे होते कुठं?

डिसेंबर २०२१. बांगलादेश युद्धाला पन्नास वर्षं झाली म्हणून गावोगावी १९७१ च्या जवानांचे सत्कार झाले. आमच्या गावातही शाळेच्या पटांगणात मांडव पडला. शाली, श्रीफळं आली, मुलींनी लेझीम बसवलं. आमच्या गल्लीतले एक आजोबा त्या दिवशी पहाटेच उठले. दाढी केली, काळा कोट चढवला आणि ओट्यावर येऊन बसले. लष्करात पंधरा वर्षं ड्रायव्हर होते ते. ७१ साली पूर्वेकडच्या आघाडीवर दारूगोळ्याची गाडी चालवलेली. लाऊडस्पीकरवर एकेक नाव पुकारलं जात होतं, ओट्यापर्यंत ऐकू येत होतं. त्यांचं नाव काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. यादी करणाऱ्यांचाही दोष म्हणता येईना. ज्यांच्या डिस्चार्ज बुकात ७१ च्या लढाईचं पदक लिहिलेलं होतं, त्यांची नावं त्यांनी घेतली होती. आजोबांच्या बुकात ते नव्हतंच! १९६५ चं रक्षा पदक होतं, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं होतं. ७१ चं काहीच नाही.

मी हे आजींना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "त्या मार्गशीर्षात माझी पहिली खेप. सासूबाई अंथरुणावर. ह्यांचं पत्र न्हाई, तार न्हाई. गावात रेडिओ एकच, त्याच्याभोवती बाप्यांची गर्दी. मी लेकराला घेऊन खोलीत कुढत बसलेली. आता कागद म्हणतो ह्ये लढाईत नव्हते. मग हे होते कुठं, पोरी?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. तेव्हापासून मी या कागदांच्या मागे लागले.

आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागात घराआड फौजी आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. अशा भागातल्या घरात पदक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण कुठलं पदक कशाचं, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. शौर्याची पदकं वेगळी. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक, ही विशिष्ट पराक्रमासाठी निवडक जवानांना मिळतात. दुसरी असतात ती सेवेची आणि मोहिमेची. ठराविक काळात ठराविक ठिकाणी जो कामावर होता त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क असतो, मग तो बंदूकवाला असो, ड्रायव्हर असो की लंगरातला आचारी. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक. १९७१ साठी पूर्व आघाडीवर पूर्वी स्टार, पश्चिम आघाडीवर पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम पदक. १५ ऑगस्ट १९७२ रोजी जे नोकरीत होते त्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. कारगिलसाठी ऑपरेशन विजयची पदकं, सियाचीनमध्ये राहिलेल्यांना सियाचीन ग्लेशियर पदक, आणि नऊ नि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची पदकं.

मग जे हक्काचं आहे ते कागदावर का येत नाही? कारण अगदी साधं आहे. जवान ज्या पलटणीत असतो तिथून त्याच्या नोकरीतल्या प्रत्येक गोष्टीचा हुकूम निघतो. त्याला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. बदली, बढती, लग्न, मुलाचा जन्म, पदक, सगळं त्यात येतं. तो हुकूम रेकॉर्ड ऑफिसला जातो, तिथं जवानाच्या नावाच्या कागदावर नोंद होते आणि निवृत्त होताना ती डिस्चार्ज बुकात उतरते. या साखळीची एक कडी निसटली की नोंद गेली. युद्धाच्या धामधुमीत जवान दुसऱ्याच युनिटला जोडलेला असतो. युद्ध संपतं, पदक जाहीर व्हायला वेळ लागतो, तोवर त्याची बदली झालेली असते किंवा तो घरी आलेला असतो. कधी नंबरातला एक आकडा चुकतो आणि एकाचं पदक दुसऱ्याच्या नावापुढं जातं. पदकं पाडली जातात कोलकात्याच्या सरकारी टांकसाळीत, आणि ती वेळेवर पुरत नाहीत म्हणून जवान बाजारातून नकला विकत घेऊन छातीवर लावतात, हेही अनेकदा छापून आलेलं आहे. फौजी माणूस आधीच अबोल. आपल्याला मिळालं नाही म्हणून साहेबांपुढं हात कोण पसरणार, असं म्हणून तो ट्रंकेचं झाकण लावून टाकतो.

आमच्या आजोबांनीही तेच केलं होतं. "जाऊ दे ताई, त्यानं काय पोट भरतंय व्हय?" हे त्यांचं पालुपद. आजी मात्र उठल्या आणि पत्र्याची काळी ट्रंक पुढ्यात ओढून आणली. पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली. त्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. त्यातलं एक आंतरदेशीय, लेकीच्या जन्मानंतर महिन्याभरानं पोचलेलं. खाली आजोबांचा नंबर, युनिटचं नाव आणि '९९ ए.पी.ओ.'. लष्कराच्या टपालावर गावाचं नाव नसतं, नंबर असतो. ५६ ए.पी.ओ. पश्चिम आणि उत्तर बाजूचं, ९९ ए.पी.ओ. पूर्वेकडचं. वर शिक्क्यात तारीख डिसेंबर १९७१ ची. आजींना लिहितावाचता येत नाही. पत्र शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलेलं. पण पन्नास वर्षं त्यांनी ते उंदरांपासून आणि पावसापासून सांभाळलं होतं. आजोबांच्या अर्जाला सगळ्यात मोठा आधार मिळाला तो या पत्राचा.

अर्ज साधाच असतो. नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि निवृत्तीची तारीख, त्या काळातलं युनिट, कुठल्या पदकाची नोंद राहिली ते. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणि असतील ते पुरावे: जुनी पत्रं, बदलीचे कागद, त्या वेळच्या सोबत्याचं लेखी निवेदन. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हा अर्ज पुढे पाठवायला मदत करतं. अर्ज जातो तो त्या त्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे इंजिनीअर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून 'माझ्या अर्जाचं काय झालं' आणि 'माझ्या रेकॉर्डमध्ये कुठली पदकं आहेत' हे विचारता येतं. तीस दिवसांत उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक आहे.

साधाच अर्ज, पण दीड वर्ष लागलं. एका कार्यालयातून कागद परत आला, कारण सही पेन्शनच्या सहीशी जुळत नव्हती. ऐंशीला टेकलेल्या हाताची सही कशी जुळणार? एका टेबलावर आम्हाला ऐकवलं, "पदकानं पेन्शन वाढत नाही, मग कशाला हेलपाटे घालता?" खरं आहे ते. मोहिमेच्या पदकानं पेन्शन एका रुपयानंही वाढत नाही. शौर्यपदकाचं वेगळं. त्याला दरमहा भत्ता असतो, तो पतीनंतर पत्नीला मिळतो, म्हणून तिथं नोंद चुकली तर घराचं थेट नुकसान. पण पूर्वी स्टारला पैसा नाही. म्हणूनच मला वाटतं, त्या नोंदीसाठी भांडणारा माणूस खरं बोलतोय असं आधी धरून चालावं. पैशासाठी कुणी खोटं बोलेल एक वेळ. नुसत्या एका ओळीसाठी ऐंशीव्या वर्षी एस.टी.चे धक्के कोण खाईल?

हेही प्रामाणिकपणे सांगते, की प्रत्येक अर्ज खरा ठरत नाही. दुसऱ्या एका काकांची खात्री होती की त्यांना पश्चिमी स्टार मिळायला हवा होता. रेकॉर्डवरून कळलं की त्यांची तुकडी त्या काळात ठरलेल्या टापूत नव्हतीच. त्यांनी ते उत्तर वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ठीक. आता रुखरुख गेली." नाही म्हटलं तरी चालतं, पण शोधून म्हणा, एवढंच मागणं असतं. आणि हो, बाजारातून आणून हक्क नसलेलं पदक लावू नये, तसंच 'पदक मिळवून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

या निमित्तानं आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती पदकाहून जास्त पोटाची आहे. डिस्चार्ज बुक उघडलंच आहे तर त्यात स्वतःचं नाव बघा. कित्येक जणींचं माहेरचं नाव तसंच राहिलंय. कुणाची जन्मतारीख अंदाजे टाकलेली. आधार कार्डावर 'सखुबाई' आणि रेकॉर्डला 'सखाबाई'. नवरा हयात आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. तो गेल्यावर कौटुंबिक पेन्शनच्या वेळी तीच बाई 'मीच ती' हे सिद्ध करत फिरते. दुःख करायचं की प्रतिज्ञापत्र करायचं, अशी तिची गत होते. नवऱ्याच्या सहीनं आज जे सहज होतं, ते त्याच्या माघारी डोंगराएवढं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा भार एकट्या म्हाताऱ्या जोडप्यावर टाकू नये. युनिट कुठल्या तारखेला कुठं होतं हे सरकारला माहीत आहे, जवान कुठल्या युनिटात होता हेही माहीत आहे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणाची कुठली नोंद राहिली ते सरकारनंच काढावं. निदान ६५ आणि ७१ च्या जवानांसाठी तरी. हे लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे थांबायला वेळ नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावण्यापेक्षा तालुक्याला शिबिर घ्यावं, डिस्चार्ज बुक वाचून दाखवावं, अर्ज तिथंच भरून घ्यावा. महिला मंडळांनी, बचत गटांनीही हे काम हाती घेण्यासारखं आहे. हळदीकुंकवाला जमतोच ना आपण? एका वर्षी वाणाऐवजी फौजी घरांचे कागद वाचूया.

उशिराचा सन्मानही सन्मानच असतो, असं म्हणतात. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. १९७२ साली जर्मनीत पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, शेहेचाळीस वर्षांनी. ती घ्यायला ते हयात होते, हे त्यांचं आणि आपलं भाग्य. सगळ्यांचं तसं होत नाही.

आमच्या आजोबांचं पत्र २०२३ च्या श्रावणात आलं. नंबरातला एक आकडा चुकला होता म्हणून नोंद हरवली होती, ती आता केली आहे, पदक यथावकाश मिळेल, असा मजकूर. आजोबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तारखा बरोबर लिहिल्यात ना?" बरोबर होत्या. पुढच्याच वर्षी ते गेले. पदक त्यांच्या हयातीत पोचलं नाही, पत्र तेवढं पोचलं.

परवा आजींकडे गेले होते. ते पत्र आणि पन्नास वर्षांपूर्वीचं आंतरदेशीय, दोन्ही त्याच चिंधीत बांधून ठेवलेत त्यांनी. म्हणाल्या, "आता कुणी इचारलं ह्ये कुठं होते, तर सांगता येतंय."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, माहेरी, शेजारी अशी एखादी काळी ट्रंक असेलच. येत्या रविवारी ती उघडा. आजोबा, सासरे, काका समोर बसलेले असताना उघडा, आणि विचारा त्यांना, त्या वर्षी तुम्ही कुठं होता?