घाम कोणाचा, पाणी कोणाचे?

श्रमदानाने गाव एक होते, हे आपल्याकडे इतक्यांदा सांगितले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. श्रमदानातून जलसंधारण करणाऱ्या गावांसाठीची पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि दोनच वर्षांत ७५ तालुक्यांत पोचली. चर खणताना माणसे रांग धरतात आणि भरलेले घमेले हातोहात पुढे जाते. त्या रांगेत माजी सरपंचाच्या शेजारी त्याने पाडलेला उमेदवार उभा असतो. बांध भरायचा तर घमेले त्याच्याच हातात द्यावे लागते. वर्षभर एकमेकांच्या ओट्यावर न चढलेली माणसे अशी बोलती होतात, ही कमाई खरीच आहे. पण ती पहिल्या पावसापर्यंतची. पाऊस पडतो, चरातले पाणी मुरते, आणि विहिरी भरतात त्या विहीर असणाऱ्यांच्या. रांगेतल्या भूमिहीनाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. स्वयंसेवेतून जुळलेली मने टिकतील की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

ते उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधून ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे, हा त्याचा कणा. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे पाणी, उसाला मनाई, भूमिहीनालाही पाण्यावर हक्क, आणि जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. सगळ्यांच्या घामाला सगळ्यांच्या पाण्याची हमी देणारी ही कलमे होती. उसाच्या राज्यात ती फार पसरली नाहीत, यात नवल ते काय!

श्रमदानावर एक आक्षेप असा की, सरकारने करायची कामे लोकांच्या अंगावर ढकलण्याचा हा सोज्ज्वळ मार्ग आहे. त्यात तथ्य आहे. पाणलोटाची कामे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि श्रमदानाच्या छायाचित्रांत पुढाऱ्याच्या हातातले फावडे बहुधा कोरेच असते. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलेले समाज आहेत. त्यांना गावकीच्या कामाला बांधणारी महार वतनासारखी कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांनी वेठ वाहिली, त्यांना ‘गावासाठी एक दिवस द्या’ हे आवाहन कसे ऐकू येत असेल, याचा विचार आवाहन करणारे क्वचितच करतात. शिवाय रोजावर जाणाऱ्या बाईचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाची चूल. बागायतदाराचा एक दिवस आणि तिचा एक दिवस एका मापाने मोजणे ही समता नव्हे.

म्हणून स्वयंसेवा मोडीत काढावी असे नाही. सरकारी पैशाने बंधारा होतो. पण त्याच्या पाण्यावर उपसा किती करायचा, हे गावाने एकत्र बसून ठरवावे लागते, आणि एकत्र बसण्याची सवय एकत्र राबण्यातूनच लागते. हिवरे बाजार या गावाने श्रमदानाबरोबर शेतीसाठीच्या बोअरवेलवर बंदी घातली, म्हणून तिथले पाणी टिकले. तेव्हा ज्यांचे पोट हातावर आहे त्यांचे काम रोजगार हमीत धरून त्यांना मजुरी द्यावी, आणि ज्यांना परवडते त्यांनी घाम फुकट गाळावा. आणि येत्या उन्हाळ्यात टिकाव उचलण्याआधी ग्रामसभेने पाण्याच्या वाटपाचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा, त्यात भूमिहीनांचा हिस्सा आकड्यात असावा. असा ठराव करायला जे गाव तयार होणार नाही, तिथे भूमिहीनाने घमेल्याला हात लावला नाही तर त्याला दोष देता येणार नाही.