यंत्राला मुनीम म्हणून ठेवा, जबान देण्याचा हक्क देऊ नका

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर उल्हासनगरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मला फोन आला. हे गृहस्थ १८ वर्षे माझ्याकडून अस्तराचे कापड नेतात. ख्यालीखुशाली झाली आणि ते म्हणाले, "शेठ, नव्या गिऱ्हाइकाला तुम्ही मीटरमागे २ रुपये सूट देता हे मला आजच कळले. १८ वर्षांच्या माणसाला काय देता?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. झाले होते असे की, माझ्या मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक प्रोग्राम महिन्याच्या भाड्याने घेतला होता. मुले त्याला ए.आय. म्हणतात. एका एजन्सीकडून अडीच हजार कपडे शिवणाऱ्यांच्या नंबरांची यादीही विकत घेतली. यंत्राने रात्रीतून सर्वांना निरोप धाडले की, आपण आमच्यासाठी नवे आहात, पहिल्या मालावर खास सूट मिळेल. त्या यादीत आमचीच जुनी गिऱ्हाइके होती, हे कोणी पाहिलेच नाही. पंधरा दिवसांत ६० चौकशा आल्या, त्यांतून खरी ऑर्डर दोघांची निघाली. अनेकांनी तक्रार केल्यामुळे पेढीचा व्हॉट्सॲप नंबर बंद पडला तो वेगळाच. उल्हासनगरच्या गिऱ्हाइकाला तोच भाव द्यावा लागला. ते महिन्याला १० हजार मीटर माल नेतात, म्हणजे दरमहा २० हजारांचा फटका बसला. पण पैशापेक्षा त्यांच्या आवाजातला फरक मला जास्त लागला.

आता कोणी म्हणेल, मग हे यंत्र फेकून द्या. मी तसे म्हणणार नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे आठ-दहा मागांचा धनी आपला माल दारात येणाऱ्या माणसालाच का विकतो? कारण तिरुपूरच्या किंवा कोलकात्याच्या खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहिणे त्याला जमत नाही, आणि पत्र लिहिणारा मुनीम ठेवणे परवडत नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी पत्र लिहायचे तर मी वकिलाकडे किंवा मास्तरांकडे जात असे. आज मी मोबाइलवर उर्दूत किंवा मराठीत बोलतो आणि दोन मिनिटांत इंग्रजी पत्र तयार होते. आलेल्या चौकशा कापडाप्रमाणे वेगळ्या करणे, नमुना कोणाला गेला याची नोंद ठेवणे, आठ दिवसांनी आठवण देणे, ही कामे यंत्र न कंटाळता करते. ही सोय गरीब कारागिरासाठी मोठी आहे. ती नाकारणे शहाणपणाचे नाही.

पण दलाल आणि मुनीम यांतला फरक आपण विसरता कामा नये. आपल्या धंद्यात दलाल नुसता पत्ता देत नाही. समोरची पार्टी कशी आहे, पैसे कधी सोडते, माल परत पाठवण्याची सवय आहे काय, हे तो सांगतो. सौदा बिघडला तर मध्ये उभा राहतो, कारण उद्या त्याला त्याच बाजारात फिरायचे असते. यंत्राला बाजारात तोंड दाखवायचे नाही. त्याला मुनीमाचे काम द्यावे, जबान देण्याचा अधिकार देऊ नये. या अनुभवानंतर आम्ही पेढीवर काही नियम केले, ते व्यापारी बंधूंपुढे ठेवतो.

पहिला नियम, विकतची यादी घ्यायची नाही. ज्याने स्वतः नंबर दिला, चौकशी केली किंवा ज्याच्याशी पूर्वी व्यवहार झाला, त्यालाच निरोप जाईल. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे फोन आणि एस.एम.एस. करण्यास दूरसंचार नियामकाची मनाई आहे आणि त्याची तक्रार १९०९ या नंबरवर करता येते. शिवाय संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. संमती घ्यावी, कशासाठी ती सांगावे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती परत घेणे सोपे असावे, असा त्याचा अर्थ आहे. जो नंबर माणसाने स्वतःच जाहीर केला त्याला तो कायदा लागत नाही, हे खरे. पण पाटीवर नंबर लिहिला म्हणजे रात्री ११ वाजता दार ठोठावण्याचा परवाना मिळाला असे नाही. "नको" म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे.

दुसरा नियम, पत्र यंत्राने लिहावे, पाठवावे माणसाने. विशेषतः भाव, पन्ना, रीड-पिक, सुताचे प्रमाण आणि पैशाची मुदत या पाच गोष्टी आपल्या वहीतूनच घातल्या पाहिजेत. एकदा मी "पत्र जरा आकर्षक कर" असे सांगितले, तर यंत्राने पी.सी. कापडाला शुद्ध सुती करून टाकले! इंग्रजी जाणणाऱ्या भाच्याने वाचले म्हणून वाचलो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने तेच पत्र उलट मराठीत किंवा उर्दूत करून घ्यावे आणि कोणा जाणकाराला एकदा दाखवावे. खाली नाव आपले असते. "मी नव्हे, यंत्राने लिहिले" हे गिऱ्हाईक ऐकून घेणार नाही, आणि त्याने का ऐकावे?

तिसरा नियम, आलेले नाव तपासल्याशिवाय माल भरायचा नाही. यंत्राला खरेदीदारांची नावे विचारली तर ते बेधडक यादी देते. आम्ही फोन लावले तेव्हा त्यांतल्या काही पेढ्या कुठेच नव्हत्या. जी.एस.टी. नंबर मागावा. तो १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४, पुढची दहा अक्षरे पॅनची. जी.एस.टी.च्या सरकारी पोर्टलवर तो घातला की पेढीचे नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही फुकट दिसते. त्यानंतर त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारावे. पहिला माल थोडा आणि रोखीने द्यावा.

चौथा नियम, परक्याची अमानत यंत्रात घालायची नाही. गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेले डिझाइन, त्याचा खरेदीचा भाव, त्याच्याकडे थकलेली रक्कम, हे सारे फुकटच्या प्रोग्राममध्ये टाकले तर ते कोठे साठते आणि कोणाच्या कामी येते हे आपल्या हातात राहत नाही. आपल्या दलालाने त्याच गोष्टी दुसऱ्या गद्दीवर सांगितल्या असत्या तर आपण त्याला पुन्हा उभे केले असते काय?

या नियमांनी कामाचा वेग कमी होतो, हे मला मान्य आहे. आता आमच्या पेढीवरून आठवड्याला २५-३० पत्रे जातात, तीही माणसाने वाचून. त्यांतून चार-पाच जण बोलतात आणि एखादा नमुना मागवतो. पण जो बोलतो तो आमचे नाव घेऊन बोलतो. पाच-सहा लहान मागवाल्यांनी मिळून असा एक प्रोग्राम घेतला आणि मोहल्ल्यातल्या शिकलेल्या एका मुलाला किंवा मुलीला पगार देऊन त्यावर बसवले, तर खर्चही वाटला जाईल आणि एका घरात रोजगारही येईल. आपल्या संघटनांनी याचा विचार करावा.

उल्हासनगरच्या त्या गृहस्थांकडे मी स्वतः गेलो, चूक कबूल केली आणि चहा घेऊन परतलो. माल अजून जातो. हे काम मात्र मला यंत्राकडून करवून घेता आले नसते.