लॅपटॉप नवा, पडदा मात्र कसलाही?

दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या कामासाठी लॅपटॉप घ्यायचा ठरला की आपले व्यापारी बंधू पंधरा-पंधरा दिवस चौकशी करतात. प्रोसेसर कोणता, रॅम किती, बॅटरी किती तास चालते, यासाठी चार ओळखीच्यांना फोन होतात. एवढ्या रकमेचा व्यवहार असल्यामुळे ते योग्यही आहे. परंतु त्याच लॅपटॉपला जोडण्यासाठी मोठा मॉनिटर घ्यायची वेळ आली की दुकानदार जो खोका पुढे सरकवील तो उचलला जातो. वास्तविक दिवसाचे आठ-दहा तास डोळ्यांसमोर असतो तो हा मॉनिटर. लॅपटॉप पुष्कळदा बाजूला झाकण लावून पडलेला असतो.

माझा एक भाचा काही वर्षे एका करसल्लागाराकडे उमेदवारी करून आता स्वतंत्रपणे काम करतो. छोट्या व्यापाऱ्यांचे हिशोब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, हे त्याचे काम. त्याने १४ इंची चांगला लॅपटॉप घेतला आणि पाठोपाठ २७ इंची मॉनिटर. २४ इंची घेणार होता, पण "थोड्याच जास्त पैशांत तीन इंच मिळतात" असे दुकानात सांगण्यात आले. महिन्याभरात त्याचे डोके दुखू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला तर चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. मला म्हणाला, "मामू, लॅपटॉपवर अक्षर बारीक आहे पण स्वच्छ दिसते. इथे मोठे आहे, पण फुटल्यासारखे दिसते." वस्तू सदोष नव्हती. निवड चुकली होती.

ती कशी चुकली हे साध्या हिशोबाने कळते. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ज्याला फुल एचडी म्हणतात त्यात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. पडदा २२ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. म्हणजे पडदा मोठा झाला की नवीन काही मिळत नाही, तेच ठिपके ताणले जातात. २४ इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२. भाच्याच्या लॅपटॉपचा पडदा १९२० बाय १२००चा आहे, त्यावर इंचाला १६२ ठिपके आहेत. मॉनिटर थोडा लांब ठेवतात म्हणून फरक दुपटीचा जाणवत नाही हे खरे, पण दिवसभर लॅपटॉपवरचे स्वच्छ अक्षर वाचण्याची सवय झालेल्या डोळ्यांना तो लपत नाही.

इंग्रजी मजकुरापेक्षा मराठीला याचा त्रास जास्त होतो, आणि ही गोष्ट इंग्रजीत लिहिणारे परीक्षक सांगत नाहीत, कारण त्यांचा तो प्रश्नच नाही. देवनागरीत एका ओळीच्या उंचीत शिरोरेषा, वरच्या मात्रा व अनुस्वार, खालचे उकार आणि मधली जोडाक्षरे एवढे सगळे मावायचे असते. ठिपके कमी पडले की "द्ध" आणि "द्व" सारखे दिसू लागतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो. उर्दू नस्तालिक लिपीत तर एका नुक्त्यावर अक्षर बदलते. लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवणाऱ्या आपल्या डीटीपीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. आकड्यांच्या कामातही तेच आहे. जीएसटीच्या बिलाचा क्रमांक सोळा चिन्हांपर्यंत असू शकतो आणि त्यात इंग्रजी अक्षरेही येतात. आठाचा "बी" वाचला गेला की बिल जुळत नाही, आणि मग शोधण्यात अर्धा दिवस जातो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्याचे काम मजकुराचे आणि आकड्यांचे आहे त्याने २७ इंची फुल एचडी मॉनिटर घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त मिळो. पैसे बेताचे असतील तर २४ इंची फुल एचडी घ्यावा आणि समाधानाने काम करावे. थोडी ऐपत असेल तर २७ इंची घ्यावा, पण २५६० बाय १४४० ठिपक्यांचा. बाजारात त्याला क्यूएचडी किंवा टू-के म्हणतात. त्यात इंचाला १०९ ठिपके येतात आणि दोन खातेवह्या शेजारी शेजारी उघडून ताळा करता येतो. २७ इंची फोर-केमध्ये १६३ ठिपके येतात. अक्षर छापल्यासारखे दिसते, यात शंका नाही. मात्र ते वाचण्याइतके मोठे करण्यासाठी विंडोजमध्ये प्रमाण दीडपट करावे लागते आणि काही जुन्या हिशोबाच्या प्रोग्रामची अक्षरे त्यामुळे धुरकट होतात. आपला प्रोग्राम कसा दिसतो ते दुकानातच उघडून पाहावे.

घरातला ३२ इंची टीव्ही वापरून पैसे वाचवण्याची कल्पना अनेकांना सुचते. "एचडी रेडी" म्हणून विकले जाणारे असे टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८चे असतात, म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. त्यावर क्रिकेट पाहावे, ताळेबंद पाहू नये.

दुकानात गेल्यावर जोर दिला जातो तो हर्ट्झवर. सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटते त्याचा हा आकडा. ६०च्या ऐवजी १०० असला तर मजकूर वरखाली सरकवताना डोळ्याला जरा बरे वाटते, पण १४४ आणि १८० हे खेळ खेळणाऱ्यांचे आकडे आहेत. त्यासाठी आणि वाकलेल्या पडद्यासाठी खिशातून जास्तीचा रुपयाही काढू नये. पॅनल आयपीएस आहे का एवढे विचारावे. त्यात बाजूने पाहिले तरी रंग बदलत नाही, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या गिऱ्हाइकालाही बिल दाखवता येते.

खरी फसगत होते ती जोडणीत. नव्या पातळ लॅपटॉपांना पुष्कळदा एचडीएमआयचे भोक नसते, नुसते यूएसबी-सी असते. आणि प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही भोके फक्त चार्जिंग आणि फाईल नेण्या-आणण्यापुरती असतात. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर चित्र मिळेल. खूण नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. एचडीएमआयमध्येही पिढ्या आहेत. १.४ या जुन्या पिढीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाते आणि माऊस अडखळत चालल्यासारखा वाटतो. २०१३ साली आलेल्या २.० पासून ते ६० वेळा जाते. मॅकबुक एअर वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की एम-१ आणि एम-२ चिपच्या एअरला कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो, दोन घेऊन ठेवले तर एक पडून राहील. सर्वांत सोपा उपाय हा की लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात न्यावा, आपल्यासमोर जोडायला लावावा आणि आपलीच एखादी मराठी फाईल उघडून पाहावी. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

एकाच तारेतून चित्रही देणारे आणि लॅपटॉपही चार्ज करणारे मॉनिटर मिळतात. ते महाग असतात. जो रोज संध्याकाळी लॉपटॉप उचलून घरी जातो त्याला ही सोय मोलाची आहे. पण आपल्या चार्जरवर ६५ वॉट लिहिले असेल तर मॉनिटरही तेवढे वॉट देतो का, हे पाहूनच पैसे मोजावेत.

वीज गेल्यावर काय होईल याचा विचार तर कोणीच करीत नाही. लॅपटॉपला बॅटरी असते, मॉनिटरला नसते. वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो आणि समोरचा पडदा काळा होतो. तालुक्याच्या गावी विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॉटच्या आसपास वीज खातो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. फक्त त्या टेबलाजवळचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊन ठेवायला हवा.

उंची कमी-जास्त होणारा स्टँड असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. स्वस्त मॉनिटरचे स्टँड बुटके असतात आणि मान दिवसभर वाकलेली राहते. स्टँड नसेल तर जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली ठेवला तरी काम भागते, मी तेच करतो.

जुना माल घ्यायला हरकत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले २४ इंची मॉनिटर मिळतात आणि त्यांचे स्टँड पुष्कळदा नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा भक्कम असतात. मात्र पांढरे पान उघडून पडदा पिवळा पडलेला किंवा कडेला काळवंडलेला नाही ना ते पाहावे, आणि मागे नुसते व्हीजीएचे भोक असेल तर सोडून द्यावा. नवा घेताना मृत ठिपक्यांबाबत वॉरंटीत काय लिहिले आहे ते वाचावे. एक-दोन ठिपके बंद पडले तर कंपन्या त्याला दोष मानतीलच असे नाही.

बिल घेताना जीएसटी नंबर टाकून पक्के बिल मागावे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के कर आहे. त्याहून मोठ्यांवर २८ टक्के होता, तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्यासाठी मॉनिटर घेतला तर या कराची वजावट मिळते, कंपोझिशन योजनेत असलेल्यांना मात्र मिळत नाही. कराच्या रकमेची वजावट घेतली तर त्याच रकमेवर पुन्हा घसारा धरता येत नाही. बिनबिलाचा माल पाच-सातशे रुपयांनी स्वस्त पडतो म्हणून घेणारे ही वजावट आणि वॉरंटी, दोन्ही घालवून बसतात.

भाच्याने अखेर क्यूएचडी मॉनिटर घेतला आणि डोकेदुखीची तक्रार थांबली. तो पहिला २७ इंची मॉनिटर आता माझ्या मेहुण्यांच्या किराणा दुकानात सीसीटीव्हीला जोडला आहे. तिथे तो उत्तम चालतो.