पेटी उघडा, मगच पैसे मोजा



मोबाइलला रेंज नाही तिथे घराशी बोला, असे सांगून बिनतारी संचाची तयार पेटी विकली जाते. पेटी उघडा. आत काय? एक संच, 12 व्होल्टची बॅटरी, चार्जर, केबल, अँटेना. सुटे भाव विचारा, बेरीज करा. वरचा पैसा कशाचा? डब्याचा आणि आपल्या अज्ञानाचा!

‘25 वॉट’ला भुलू नका. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वॉट दुप्पट केल्याने पल्ला दुप्पट होत नाही. अँटेना उंच बांबूवर चढवली की वाढतो. परवान्याबद्दल तर विक्रेता बोलतच नाही. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर बिनपरवाना सूट दिली, ती अर्ध्या वॉटपर्यंतच्या हातातल्या संचांना. 25 वॉटच्या पेटीला नाही.

आपला कापूस घेताना व्यापारी गाडीत खोल हात घालतो, ओलावा पाहतो, कवडी दाखवून भाव पाडतो. मग झाकल्या पेटीचे पैसे आपणच का मोजावेत? सुट्या भावाचे बिल मागा, परवान्याचे लेखी मागा. देत नसेल तर पेटी त्याच्याच दुकानात राहू द्या.