भाडेकरूची वीज तोडणाऱ्या आपल्या भावांना

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने फोटो टाकला. बंद दार, दाराला नवं कोरं कुलूप, बाहेर पॅसेजमध्ये गाद्या, भांडी आणि एका लहान मुलाची सायकल. खाली लिहिलं होतं, ‘तीन महिने फुकट राहिला, आज हिशोब केला.’ चाळीसेक अंगठे आणि मिठी मारणारे इमोजी पडले. अंगठा देणारे बहुतेक माझ्याच वयाचे, शिकलेले, मोर्च्याला येणारे. बुलडोझरचा व्हिडिओ आला की हेच सगळे संतापतात.

हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. वरून उपदेश करत नाही. त्या कुलपापासून मीही फक्त एक हात लांब होते.

अब्बांनी आयुष्यभराच्या ओव्हरटाइममधून चेंबूरला, माहुल रोडजवळ, एका जुन्या सोसायटीत वन रूम किचन घेतलं. ते गेल्यावर अम्मी आणि मी दादीकडे चिता कॅम्पला राहायला आलो आणि ती खोली भाड्याने दिली. फेब्रुवारी २०१८. मी तेवीस वर्षांची होते आणि घरमालकीण झाले होते. भाडं ११,००० रुपये, डिपॉझिट ३०,०००. अम्मीची औषधं आणि घरचा किराणा त्या भाड्यावर चालायचा.

भाडेकरू ओळखीतले होते. तानसा पाइपलाइनच्या कडेला त्यांचं घर होतं, ते २०१७ मध्ये पाडलं गेलं. बदल्यात माहुलच्या त्या ७२ इमारतींत एक खोली मिळाली. माहुल म्हणजे काय ते चेंबूर-गोवंडीत राहणाऱ्यांना सांगायला नको. दोन रिफायनऱ्या, रसायनांच्या टाक्या, रात्री नाकात बसणारा वास. तिथल्या हवेपासून लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटलं होतं. त्यानंतरही माणसं तिथे नेऊन ठेवली गेली. चाचांच्या धाकट्या मुलाला दम लागायला लागला, तेव्हा ती खोली बंद करून ते आमच्याकडे आले.

करार? ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला,’ असं अम्मी म्हणाली. मीही मान डोलावली.

पहिले सात महिने भाडं वेळेवर आलं. सप्टेंबरपासून थांबलं. चाचांचं काम सुटलं होतं. आधी ‘पुढच्या आठवड्यात’, मग ‘पुढच्या महिन्यात’, मग फोन उचलणं बंद. नोव्हेंबरमध्ये मी अम्मीच्या गोळ्या उधारीवर आणल्या. त्या दिवशी मला चाचांचा राग आला, आणि तो राग खोटा नव्हता. घरमालक म्हणजे पोट सुटलेला शेठ, हे चित्र सिनेमातलं आहे. या शहरात एका खोलीच्या भाड्यावर दिवस काढणाऱ्या विधवा ढीगभर आहेत.

मग सल्लागार जमले. एक नातेवाईक म्हणाला, मीटरचा फ्यूज काढ, दोन दिवसांत पळतील. सोसायटीतल्या एकाने पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून द्यायची तयारी दाखवली. नाक्यावरची दोन पोरं ‘फक्त बोलून येतो’ म्हणाली, त्याचे पाच हजार. मुलगी घरमालकीण असली की सगळ्यांना वाटतं, हिच्या वतीने दम आपणच द्यायचा. आणि मी ‘नको’ म्हटलं नाही. ‘रविवारी बघू’ म्हटलं.

शनिवारी रात्री दादीला सांगितलं. दादी जनता कॉलनीतली. भाभा अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून मे १९७६ मध्ये, आणीबाणीत, ती अख्खी वस्ती उठवून चिता कॅम्पच्या दलदलीत आणून टाकली. दादीने माझं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘सामान बाहेर काढशील तेव्हा पीठ भिजवलेलं असेल तर त्याचं काय करशील?’ त्या दिवशी तिचं भिजवलेलं पीठ तसंच राहिलं होतं. रविवारी मी पोरांना येऊ नका म्हणून सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. फ्यूज काढणं, पाणी तोडणं, सामान रस्त्यावर टाकणं याला आपण ‘हिशोब’ म्हणतो. कायदा त्याला गुन्हा म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९ : भाडेकरूची वीज, पाणी यांसारखी अत्यावश्यक सोय घरमालकाला तोडता येत नाही. आणि कायदेशीर मार्गाशिवाय कुणाला घराबाहेर काढलं, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. तुमची मालकी तिथे उपयोगी पडत नाही. म्हणजे ज्या कुलपाचा तुम्ही फोटो टाकला, तो तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे.

‘मग काय, फुकट राहू द्यायचं?’ नाही. मीही दिलं नाही. डिसेंबरमध्ये वकिलाकडून थकबाकीची लेखी नोटीस पाठवली. भाडं थकलं म्हणून ताब्याचा दावा लावायचा तर कलम १५ प्रमाणे नोटीस पोचल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. दावा लघुवाद न्यायालयात. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह कोर्टात भरली आणि पुढे भरत राहिला, तर त्याला काढता येत नाही. वेळ लागतो, कबूल आहे. पण ते ९० दिवस म्हणजे एका कुटुंबाला पैसे उभे करायला किंवा दुसरं छप्पर शोधायला मिळालेली मुदत आहे. माहुलमध्ये पाठवलेल्यांना तेवढी तरी मुदत मिळाली असती, तर आपणच पालिकेचं कौतुक केलं असतं.

वकिलाकडे गेल्यावर खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्यांनी विचारलं, करार कुठे आहे? कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चाचांनी भाडं ठरलं होतं ५,००० असं सांगितलं असतं, तर मी काय दाखवणार होते? ‘अकरा महिन्यांचा असेल तर नोंदवावा लागत नाही’ हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. महाराष्ट्रात ते खोटं आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असता, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता आला असता, आणि मुदतीनंतर खोली न सोडल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई मागता आली असती. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, नोंदणी फी १,००० रुपये. ते वाचवायला गेले आणि ७७,००० अडकवून बसले.

आपल्याकडे हे जास्त होतं, त्याचं कारणही बोलूया. नाव ऐकलं की एजंटचा आवाज बदलतो, ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने भोगलं आहे. म्हणून आपण आपल्यातच घरं देतो-घेतो, आणि ‘आपलाच माणूस’ म्हणून कागद टाळतो. कागद नाही म्हणून पुढे कोर्टात जाता येत नाही, आणि कोर्टात जाता येत नाही म्हणून नाक्यावरची पोरं लागतात. आपलेपणाने सुरू झालेला व्यवहार गुंडगिरीवर संपतो, आणि ज्याला बाहेर काढलं त्याला बाहेरचं कुणी घर देत नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं.

सूरह बकरा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात रोज वाचली जाते. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, माफ केलंत तर अधिक चांगलं, हे तिच्या २८०व्या आयतीत आहे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे २८२व्या आयतीत, जी कुरआनातली सगळ्यात मोठी आयत आहे. सवड आणि कागद शेजारी शेजारी आहेत. आपण कागद टाळतो आणि सवडही देत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, नोटिशीची मुदत संपत आली तेव्हा, चाचा स्वतः आले. सोबत मुलगी होती, तिची दहावीची परीक्षा चालू होती. आम्ही बसून लिहून काढलं : ३१ मार्चला खोली सोडायची, सात महिन्यांच्या ७७,००० मधून डिपॉझिटचे ३०,००० वळते, २०,००० लगेच, उरलेले दरमहा ३,०००. दोन साक्षीदारांच्या सह्या. मुलीचे पेपर त्याच घरातून झाले. चाचांनी ठरल्या दिवशी चावी हातात दिली, खोली झाडून. पुढे सहा हप्ते आले, मग थांबले. राहिलेले ९,००० मी सोडून दिले. ते सोडणं माझ्या हातात होतं, कारण घेणं माझं होतं. त्यांचं छप्पर माझ्या हातात नव्हतं.

ते गेल्यावर काही दिवसांतच, एप्रिल २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमध्ये राहू न शकणाऱ्या पाइपलाइनवाल्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० डिपॉझिट देण्याचा आदेश दिला. सप्टेंबरमध्ये अंतिम निकालात त्यांना बारा आठवड्यांत दुसरीकडे हलवायला सांगितलं. हा निकाल गरिबांनी विद्याविहारच्या फुटपाथवर महिनोन्‌महिने बसून, कागद घेऊन, तारखा मोजून मिळवला. सरकारला कायद्यात उभं करायला आपण एवढं झगडतो. मग आपल्या हातात एक चावी आली की त्याच कायद्याचा कंटाळा का येतो?

ज्याने तो फोटो टाकला त्याला मी फोन केला. म्हटलं, कुलूप काढ, सामान आत ठेव, नोटीस पाठव, वकिलाचा नंबर मी देते. तो म्हणाला, ‘तू कुणाच्या बाजूने आहेस?’

दोन दिवसांनी कुलूप निघालं, ते कुणाच्या सांगण्यावरून ते त्यालाच ठाऊक. ग्रुपवर त्याचा फोटो मात्र आला नाही. ज्यांनी अंगठे दिले होते, त्यांच्यापैकी एकानेही अजून आपला अंगठा मागे घेतलेला नाही. तुमचा असेल, तर आज घ्या.